मालक घरात आहेत का?

कोल्हापुरात एखादी खोली रिकामी झाली की ती बातमी भुतांच्या आधी आमच्या खोलीवाल्या आबांना कळते. भुतांचा नंबर दुसरा, आणि मोबाईलवर जाहिरात टाकणाऱ्या मालकांचा तिसरा. आबांचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर निम्म्या गावाला आपण कधीकाळी भाड्यानं राहिलेली खोली, तिचं गळकं छप्पर आणि शेजारच्या घरातली भांडणं एकदम आठवतील. धंदा म्हणाल तर सरळ. ज्याच्याकडं जागा आहे त्याला माणूस गाठून द्यायचा आणि ज्याच्याकडं पाठ टेकायला भिंत नाही त्याला जागा. बोर्ड नाही, ऑफिस नाही. अंगात पांढरा शर्ट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि चालताना तो वाजू नये म्हणून त्यावर घट्ट दाबलेला एक हात. का, असं विचारलं तर आबा आवाज खाली आणून सांगतात, किल्ली वाजली की रिकाम्या खोल्या जाग्या होतात. हल्ली लोक त्यांना फोनवर घरांचे फोटो दाखवतात. आबा तो फोन नाकाशी नेतात, डोळे मिटून वास घेतात आणि परत देतात. ज्या घराला वास नाही ते घर त्यांच्या हिशेबी अजून बांधलेलंच नसतं.

माझी त्यांची गाठ पडली ती मी चंदगडच्या पावसात शेवाळून नोकरीसाठी इथं आलो तेव्हा. त्यांनी मला मंगळवार पेठेतली एक खोली दाखवायला नेलं. दाराला बाहेरून भलंमोठं कुलूप. आबांनी जुडग्यातली किल्ली काढली, आणि कुलूप उघडायच्या आधी दारावर तीन टकटक केल्या. खोकले. कान दाराला लावून थांबले, आणि मग अगदी अदबीनं कुलूप काढलं. मी विचारलं, आत कोण आहे का? म्हणाले, कोण न्हाय की. मग टकटक कशाला?

"आत कोण न्हाय ह्ये आपल्याला म्हाईत हाय, पावणं. आत कोण असंल तर त्याला कुठं म्हाईत हाय?"

मी ती खोली घेतली. नको म्हणालो असतो तर कारण सांगावं लागलं असतं, आणि मला नाटकात काम करायची हौस असली तरी इतका धीट अभिनय तेव्हा येत नव्हता. पुढं माझं लग्न झालं, स्वतःचं घर झालं, केस पिकले, पण आबांच्या लेखी मी पावणंच राहिलो. त्यांच्या मते जो माणूस एकदा भाड्यानं राहिला तो पुढं कितीही मजले बांधो, पावणाच.

त्यांची दुसरी खोड शर्टांची. खोली सुटली, चुना मारून झाला, आणि नवा भाडेकरू यायला चार दिवस असले की आबा त्या खोलीत खिळ्याला स्वतःचा एक शर्ट टांगून येतात आणि कोपऱ्यात पाण्यानं भरलेला तांब्या ठेवतात. घर वापरात आहे असं दिसायला पाहिजे. कुणाला दिसायला पाहिजे, हे ते सांगत नाहीत. एकदा बँकेतल्या एक बाई खोली बघायला आल्या आणि शर्ट बघून दारातच थबकल्या, इथं कोणी राहतंय म्हणून. आबांनी त्यांना दिलासा दिला, "त्यो शर्ट हाय. तुमी आल्यावर जातोय." बाई परत आल्या नाहीत. एका लग्नसराईत आबांचे पाच शर्ट पाच पेठांत टांगलेले होते आणि ते स्वतः माझा शर्ट घालून पंगतीला बसले होते. बाह्या कोपरापर्यंत.

यामागं त्यांचं एक शास्त्र आहे. जुना भाडेकरू एकदा तरी परत बघायला येतोच, असं ते सांगतात. रस्त्यापलीकडं उभा राहतो, खिडकीकडं बघतो. पडदा दिसला तर निघून जातो. खिडकी उघडीबोडकी दिसली तर पायरी चढतो. एका माणसाला त्यांनी मालकाच्या सांगण्यावरून खोली सोडायला लावली होती. तो दर महिन्याला येऊन समोरच्या पेरूखाली उभा राहायचा. एकदा रंगकाम चालू असल्यानं दार उघडं होतं. रंगारी जेवायला गेले होते. परत येऊन बघतात तर हा माणूस आपल्या जुन्या जागी, ओल्या फरशीवर, हात उशाला घेऊन निजलेला. डोळे उघडे. हाका मारल्या तर ओ देईना. उचलायला दोघं लागले, आणि आबा सांगतात, उचलताना तो एका माणसाच्या वजनाचा नव्हता. हे सांगून झालं की ते चहाचा घोट घेतात आणि आपल्याकडं बघत बसतात. ऐकणाऱ्याचा चहा गार होतो.

अशा माणसाला एकच व्यसन होतं, दारूचं. सबंध दिवस शुद्धीत. दिवेलागण झाली की बाटली. प्यायल्यावर शिवीगाळ नाही, आरडाओरडा नाही. उलट नम्रता इतकी वाढायची की दिसेल त्याला हाताला धरून जागा दाखवायला न्यायचे. एका संध्याकाळी त्यांनी शेजारच्या एका पैलवानाला त्याच्याच घरी नेलं, हवा-उजेडाचं वर्णन केलं, मोरीचा उतार दाखवला, आणि शेजार चांगला आहे म्हणून सांगितलं. पैलवानाला ते घर आवडलं, असं मी सगळ्यांना सांगत असे. आम्ही हसायचो. त्यांची बायको हसायची नाही. पुढं ती वारली, आणि मग दिवेलागण दुपारीच व्हायला लागली.

शेवटी पोट फुगलं, डोळे पिवळे पडले, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की पुढचा पेला हा शेवटचा असेल, त्यानंतर आमच्याकडं आणू नका. हुपरीला दिलेली लेक धावत आली. तिच्या घरी चांदीच्या पैंजणांचं काम, रोजची घाई. तरी ती महिनाभर दवाखान्यात बापाच्या उशाशी बसली. आबांनी तिचा हात धरून दारू सोडली. घरी आणायच्या आधी तिनं त्यांचं दोन खोल्यांचं घर धुऊन काढलं. बाटल्या गेल्या, जळमटं गेली, भिंतींना चुना झाला, भांडी फळीवर ओळीनं लागली. मग ती हुपरीला गेली, आणि आबा त्या पांढऱ्याशुभ्र घरात एकटेच एका खुर्चीवर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो तेव्हा सिस्टर तिथं पेज घेऊन आल्या होत्या. सिस्टर म्हणजे आमच्या बोळाच्या तोंडाशी राहणाऱ्या निवृत्त नर्सबाई. मूळच्या गडहिंग्लजच्या, ख्रिस्ती. आबा त्यांना अक्का म्हणतात. त्यांनी निम्म्या पेठेला इंजेक्शनं दिलेली असल्यामुळं त्यांच्यासमोर कोणी मोठ्यानं बोलत नाही. त्यांनी पेजेचं भांडं ठेवलं, चारी भिंतींवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "आबा, घर लई झ्याक झालंय. म्हणूनच मला भ्या वाटतंय."

मग त्यांनी येशूचा एक दाखला सांगितला. एका माणसाच्या अंगातून भूत निघतं. ते पाणी नसलेल्या ओसाड जागी हिंडतं, पण विसावा कुठं मिळत नाही. म्हणतं, आपल्या जुन्या घरीच जावं. येऊन बघतं तर घर झाडलेलं, आवरलेलं, आणि रिकामं. ते आत येत नाही. आधी जाऊन आपल्याहून वाईट अशी आणखी सात सोबत घेऊन येतं. मग ती सगळी तिथंच राहतात, आणि त्या माणसाची शेवटची गत पहिल्यापेक्षा वाईट होते.

दाखल्याचा अर्थ असा की नुसतं सोडून भागत नाही, असं सिस्टर समजावत होत्या. पण आबा केव्हाच खुर्चीच्या कडेला सरकून बसले होते. धंद्यातली गोष्ट निघाली होती. त्यांनी सिस्टरना एकामागून एक प्रश्न विचारले. पहिल्यानं जाताना किल्ली परत दिली होती का? चुना मारल्यावर कुणी दिवा लावला होता का? त्या सातांची पोलिसांकडं नोंद? सिस्टर आजाऱ्याला थर्मामीटर लावल्यासारख्या शांत राहून ऐकत होत्या. मग आबांनी तो प्रश्न विचारला.

"समदं पटलं, अक्का. पर मालक कुठं हुता?"

सिस्टर म्हणाल्या, मालक कुठला?

"घर हाय म्हंजे मालक हाय. आठ जणं आत शिरली तवा त्यो काय करत हुता?"

ज्या बाईनं भल्याभल्या डॉक्टरांना उलट उत्तरं दिली होती तिनं हा प्रश्न पदराला गाठ मारून घरी नेला. रविवारी त्यांनी चर्चच्या पाळकसाहेबांना विचारलं. साहेबांनी बराच वेळ विचार केला, प्रश्न चांगला आहे म्हणाले, आणि प्रार्थना केली.

आबांची मात्र झोप उडाली. आपलं भूत गेलंय, घर झाडलेलं आहे, म्हणजे ते जुन्या भाडेकरूसारखं बघायला येणार, हे त्यांच्या शास्त्रात आणि सिस्टरच्या शास्त्रात एकच निघालं होतं. मला म्हणाले, एकट्या दारूनं एवढं केलं, तिच्याहून वाईट सात म्हणजे काय असतील, सांगा की पावणं. मी नेहमीप्रमाणं काहीतरी चटकदार बोलणार होतो. त्याऐवजी उठून दाराची कडी लागलीय का ते बघून आलो.

त्यांनी उपाय काढला तो खोलीवाल्याचाच. सात येणार असतील तर सातांच्या जागा आधीच भरायच्या. सिस्टर, मी, एक निवृत्त एसटी मेकॅनिक आणि बोळातले आणखी चौघे, अशी सात माणसं त्यांनी नेमली. रोज दिवेलागणीला दोन तास येऊन बसायचं. सात खुर्च्या मांडलेल्या. कुणी पाणी प्यायला उठलं तरी आबा चटकन त्या खुर्चीवर रुमाल टाकायचे, एसटीत खिडकीतून टाकतात तसा. मेकॅनिकना एकदा लघवीला जायचं होतं तर त्यांना आधी दोन रुमाल मागावे लागले, एक खुर्चीसाठी आणि एक, ते म्हणाले, मनाच्या समाधानासाठी. आम्ही चहा प्यायचो, गप्पा मारायचो, आणि आबा दाराकडं तोंड करून बसायचे.

आता माझं पाप सांगतो. पहिल्याच संध्याकाळी मी मुद्दाम उशिरा गेलो. सहा जण आत, एक खुर्ची मोकळी, सगळे श्वास रोखून. अशी रंगमंचसज्जा मला कुठल्या नाटकात मिळाली नव्हती. मी बाहेरून दाराची कडी एकदाच वाजवली, अगदी हळू, आणि बोळात मागं सरकून उभा राहिलो. आत कुणाचा तरी कप पडला. थोड्या वेळानं मी साळसूदपणे आत गेलो. आबांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. म्हणाले, "बघून गेला." मी आतल्या आत खूश. घरी जाऊन बायकोला नक्कल करून दाखवली.

दुसऱ्या दिवशी मी वेळेवर गेलो. आम्ही सातही जण आत होतो, मी सगळ्यांत आत, भिंतीकडं. पावणेसातला बाहेर कडी वाजली. एकदाच, अगदी हळू. मेकॅनिक उठून बघून आले. बोळ मोकळा होता. वारा असेल, असं मी म्हणालो. माझा आवाज मला ओळखीचा वाटला नाही. आबा म्हणाले, "वारा कडी वाजवून थांबत न्हाय, पावणं. ह्यो थांबतोय." त्यानंतर ती रोज वाजत राहिली. आम्ही बोलणं थांबवायचो नाही, पण सगळेच त्या वेळी जरा मोठ्यानं बोलायचो. मला मात्र एकच गोष्ट टोचत असायची, की बोलावणं मी पाठवलंय.

असे तीन महिने निघाले, आणि फुटबॉलची फायनल आली. पेठेतल्या दोन तालमींचे संघ समोरासमोर. हे कोल्हापुराबाहेरच्या माणसाला समजावणं अवघड आहे. त्या दिवशी इथं माणूस आजारीसुद्धा पडत नाही. सिस्टर बहिणीकडं गडहिंग्लजला गेल्या होत्या. उरलेल्या सहांपैकी प्रत्येकाला वाटलं की आपण एक नसलो तर काय बिघडतं, बाकीचे आहेतच. सामना पेनल्टीपर्यंत लांबला. जिंकल्यावर गुलाल उडाला आणि त्या गुलालात मला आमचे मेकॅनिक नाचताना दिसले. त्यांच्यामागं बोळातले ते चौघे. मी डोकी मोजली. सहाच्या सहा मैदानावर होतो.

मी पळत सुटलो. सगळी पेठ ओस पडली होती. दुकानं बंद, कट्टे मोकळे, कुत्रंही नाही. बोळात शिरलो तेव्हा उजेड इतकाच होता की भिंती दिसाव्यात आणि पायरी दिसू नये. दार लोटलेलं होतं. मी कडीला हात घातला आणि थांबलो. आतून आबांचा आवाज येत होता. ते कुणाला तरी घर दाखवत होते.

"ही पुढची खोली. वारा हाय, उजेड हाय. ह्या भिंतीला ओल हाय, लपवत न्हाय." मग ते थांबले. समोरचा काही विचारत असेल तर जेवढा वेळ लागेल तेवढाच वेळ. मला काही ऐकू आलं नाही. "व्हय, ह्याच खुर्चीत बसायचो. तुमाला म्हाईतच हाय की." पावलं आतल्या खोलीत गेली. एकाच माणसाची पावलं, पण फरशीवर बराच वेळ वाजत राहिली. "ह्ये सैपाकघर. ही ह्या खिडकीपाशी बसून तांदूळ निवडायची. ती गेली तवा मी ह्या उंबऱ्यात पडलो हुतो. पिऊन. शेजारच्यांनी माझ्या अंगावरनं पाय टाकून तिला बाहेर नेली."

वीस वर्षांत त्यांनी हे मला सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी ज्याला सांगत होते त्याला बहुतेक माहीत असावं. पावलं परत पुढं आली.

"झालं समदं बघून? बरं. आता ऐका. जागा द्यायची न्हाय." खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज. "न्हाय, मोकळी न्हाय. मालक ऱ्हातोय हितं." आणि मग अगदी बारीक, लहान मुलानं वर्गात नाव सांगावं तशा आवाजात, "मी. मीच की."

दार आतून उघडलं. मी बोळाच्या भिंतीला चिकटलो. आबा उंबऱ्यात हात जोडून उभे होते, पण माझ्याकडं बघत नव्हते. "सावकाश जावा," ते म्हणाले. ओल्या चुन्याचा आणि दारूचा वास माझ्या तोंडावरून गेला. माझ्याजवळून कुणी गेलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. तरी मी अंग चोरून वाट देत राहिलो. एकदा, परत एकदा, परत एकदा. किती जणांना, ते मी मोजलं नाही. शेवटचा गेल्यावर मला श्वास घेता आला, एवढंच.

मग आबांना मी दिसलो. म्हणाले, "कोण जिंकलं?"

आत टेबलावर बाटली होती. सील तसंच. आबांचा शर्ट घामानं अंगाला चिकटला होता. सकाळीच आणली, म्हणाले, आज कोणी येणार नाही हे माहीत होतं. मला ती मोरीत ओतायला लावली, वर चार तांबे पाणी ओतायला लावलं, आणि मोरी गुळगुळ करायची थांबेपर्यंत ते उभं राहून बघत होते. मला राहवलं नाही. सांगून टाकलं, की पहिल्या दिवशी कडी मी वाजवली होती.

"म्हाईत हाय. दाराखालनं चप्पल दिसली हुती, तुमची हाय ह्ये मागनं वळखलं."

मग बोलला का नाहीत?

"तुमी एकदाच वाजवलीसा, पावणं."

सिस्टर परत आल्यावर आबांनी त्यांना दाखल्याचा अर्थ सांगितला. मालक घरातच होता, म्हणाले. पण बिचारा इतकी वर्षं कोपऱ्यात अंग चोरून राहिलेला, की आपणच भाडेकरू आहोत असं त्याला वाटायला लागलं होतं. कुणी आत शिरलं तर हा उठून खुर्ची द्यायचा. सिस्टरनी ऐकून घेतलं, डोळ्याला पदर लावला, आणि लगेच शिस्तीवर आल्या. अर्धाच कळलाय, आबा, म्हणाल्या. घराचे मालक तुम्ही नव्हे, वर बसलाय तो. दोघांची चांगली तासभर जुंपली. पाळकसाहेबांची प्रार्थना, किल्ली, खोल्या, सगळं निघालं. शेवटी आबांनी तोड काढली. "असंल. मालक त्यो असंल. पर ह्या जागेचा एजंट मी हाय, आणि किल्ली माझ्याकडं दिलीया." सिस्टर हसल्या. या वादात त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलं.

त्याआधी, फायनलच्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी आम्ही सहाजण वेळेआधीच जाऊन बसलो होतो, ओशाळलेले. आबांनी चहा केला, सामन्याची हकीकत दोनदा ऐकली. पावणेसात झाले. कडी वाजली नाही. आबा उठले, खुर्च्या एकात एक घालायला लागले, आणि म्हणाले, उद्यापासून यायचं नाही. "जावा आता आपापल्या घराकडं. तीबी मोकळीच पडली असतील की." आम्ही हसलो. मेकॅनिक हसले नाहीत. ते चप्पल शोधत राहिले.

आबा आजही आहेत, दारू नाही, लेक महिन्यातून दोनदा हुपरीहून येते. वाटेत भेटले की जुडग्यावर हात ठेवून उभे राहतात, चार शब्द बोलतात. घरी या, असं म्हणत नाहीत. त्यांना आमची गरज राहिली नाही, आणि मला याचा आनंद व्हायला पाहिजे, होतोही. पण त्या संध्याकाळी बोळातून बाहेर पडल्यावर कुठं जावं ते मला खरंच कळेना. कित्येक वर्षांत दिवेलागणीला मी घरी नव्हतो; नाटकाची तालीम, कट्टा, गप्पा, आणि मग आबांची खुर्ची. घरी पोचलो तर बायको अंधारातच शेंगा सोलत बसली होती. दिवा लावायचा राहिला होता. तिनं मान वर करून बघितलं, थोडी घाबरली, आणि विचारलं, आज इतक्या लवकर कसं, काय झालं का?

मी दिवा लावला. म्हणालो, काही झालं नाही. राहायला आलोय.